सत्तावीस सांगितलं की ७२ का लिहितात : डी.एल.एड.ची दोन वर्षं आणि लहान मुलांचं गणित

डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या दोन वर्षांच्या पदविकेला, प्रवेश घेतला तेव्हा मी बरंच शोधलं होतं. लहान मुलांना गणित शिकवायला शिकायचं म्हणजे नेमकं काय करावं लागतं, हे कुणीतरी मराठीत लिहून ठेवलं असेल असं वाटत होतं. प्रश्नसंच सापडले, नोट्स सापडल्या, पण कुणी स्वतःचा अनुभव लिहिलेला हाती लागला नाही. आता दोन्ही वर्षं पूर्ण झाली आहेत आणि वह्या अजून टेबलावरच आहेत, म्हणून आठवतंय तोवर लिहून काढते.

सुरुवात कागदपत्रांपासून. जून २०२३ मध्ये ऑनलाइन अर्ज भरला. महाराष्ट्रात हे प्रवेश पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद केंद्रीय पद्धतीने करते. खुल्या प्रवर्गाला बारावीत ४९.५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४४.५. माझी अडचण टक्क्यांची नव्हती, नावाची निघाली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एका पद्धतीने, बारावीच्या गुणपत्रकावर दुसऱ्या पद्धतीने. एका वेलांटीचा फरक, तेवढ्यावरून अर्ज त्रुटीत गेला. शाळेतून दुरुस्तीचं पत्र मिळायला सहा दिवस लागले आणि ते सहा दिवस घरात कुणालाच चैन नव्हतं. अर्ज भरायच्या आधीच दाखला, गुणपत्रक आणि आधार शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. पडताळणीला मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच न्या. एकच संच नेलेल्या दोघींना माझ्यासमोर परत बाहेर पाठवलं होतं.

दुसऱ्या पसंतीचं अध्यापक विद्यालय मिळालं. एसटीने पाऊण तास. ऑगस्टच्या मध्यावर वर्ग सुरू झाले.

गणित मला सोपं जाईल याची खात्री होती. दहावीला ९४ होते. गणिताच्या पहिल्या तासाला मॅडमनी फळ्यावर ५२ वजा २७ लिहिलं आणि सोडवायला सांगितलं. सगळ्यांनी दहा सेकंदांत २५ लिहिलं. मग त्यांनी टेबलावर काड्या ठेवल्या, दहा-दहांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, आणि म्हणाल्या, "आता हेच काड्यांनी करा. आणि करताना बोला. हातचा घेतला म्हणजे काय केलं ते मला दिसलं पाहिजे."

पहिला मुलगा उठला तो "दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून एक घेतला" म्हणाला आणि थांबला. त्याच्या हातात एक गठ्ठा होता. एक घेतला म्हणतोय आणि हातात तर दहा आहेत. मॅडमनी विचारलं, "एक काय?" वर्गात चाळीस जण होतो. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. बारा वर्षं मी हातचा घेत आले होते, तो एक दशक असतो हे पाठही होतं, पण तो सोडवून सुट्या काड्या होताना मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या तासाला त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती मी कुठल्याही नव्या छात्राध्यापकाला करून बघायला सांगेन. आजपासून एक, दोन, तीन हे शब्द बंद. त्याऐवजी क, ख, ग, घ, ङ, च, छ, ज, झ, ञ. म्हणजे तीनाला ग म्हणायचं, चाराला घ. आकड्यांत उलटं भाषांतर करायचं नाही. "ग अधिक घ किती?" आम्ही सगळे बोटांवर आलो. क, ख, ग अशी तीन बोटं, पुढे चार बोटं, आणि मग पहिल्यापासून म्हणत छ पर्यंत. "ज मधून ङ गेले?" पुन्हा बोटं. "छ दुणे?" इथे बोटं संपली आणि ट, ठ, ड, ढ करत कुणीतरी शेजाऱ्याची बोटं वापरली.

"पहिलीतल्या मुलाला तीन अधिक चार हे असंच दिसतं," मॅडम म्हणाल्या. "त्याला फक्त शब्दांचा क्रम माहीत आहे. त्या शब्दामागे किती आहेत ते अजून बसलेलं नाही. आता सांगा, बोटं वापरणाऱ्या मुलाला ओरडाल का?"

मला लहानपणी बोटं वापरली म्हणून पट्टी बसली होती. घरी येताना एसटीत मी तेच आठवत बसले होते.

त्यानंतरचे काही आठवडे जड गेले. ज्या गोष्टी मला 'येतात' असं वाटत होतं त्या एकेक करून सुट्या व्हायला लागल्या. मोजणी घ्या. रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या अभ्यासकांनी १९७८ मध्ये मोजणीमागची पाच तत्त्वं मांडली: एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा ठरलेला क्रम, शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या, काहीही मोजता येतं, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. वाचताना वाटलं, यात शिकण्यासारखं काय आहे? पुढे आंतरवासितेत, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावात, पहिलीतल्या एका मुलाने सात चिंचोके अगदी बरोबर मोजले. मी विचारलं, "मग किती आहेत?" तर त्याने परत एकपासून मोजायला सुरुवात केली. पुन्हा विचारलं, पुन्हा मोजले. त्याच्या लेखी 'किती' या प्रश्नाचं उत्तर 'मोजून दाखवणं' हे होतं. तिसरं तत्त्व अजून तयार झालं नव्हतं. ते वाचलेलं नसतं तर मी त्याच्या नावापुढे 'मोजता येते' अशी खूण करून पुढे गेले असते.

मराठी संख्यानामांवर आमचे दोन पूर्ण तास गेले आणि ते मला सगळ्यात जवळचे वाटले. मुलं सत्तावीस ऐकून ७२ लिहितात, यात मुलांचा निष्काळजीपणा नाही. शब्दात सात आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. मूल ऐकलं त्या क्रमाने लिहितं. त्यात पुन्हा एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस. एकोण म्हणजे एक कमी. म्हणजे एकोणतीस म्हणताना तोंडात तीस आणि लिहायचे विशीतले २९. आणि त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी यांतला तीन दर वेळी थोडा वेगळा वाजतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशा वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ते काहींना आठवत असेल. मी तेव्हा शाळेत होते आणि घरातल्या सगळ्यांसारखी मीही वैतागले होते. भाषा बिघडवतायत असंच वाटलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा जे कारण सांगितलं, की जोडाक्षरांनी भरलेली ही नावं आणि उलटा क्रम यामुळे मुलांना गणिताची भीती बसते, ते मला कळायला स्वतः वर्गात उभं राहावं लागलं. माझं आजचं मत असं: मुलांना सत्तावीस आलंच पाहिजे, बाजारात आणि घरात तोच शब्द आहे. पण तिथे जायची वाट वीस-सातवरून असायला हरकत नाही. मी वर्गात दोन्ही म्हणवून घेते, "वीस आणि सात, सत्तावीस". आणि लिहायला सांगताना आधी विचारते, "गठ्ठे किती?" एवढ्याने उलटं लिहिणारी निम्मी मुलं थांबून विचार करायला लागली.

साहित्यावर मी पहिल्या सत्रात नको तेवढे पैसे घातले. आईस्क्रीमच्या काड्या, रंगीत मणी, पुठ्ठे, रबर, लॅमिनेशन मिळून ३४० रुपये. नंतर कळलं की एक खराटा पुरतो. त्याच्या काड्या बोटाएवढ्या कापल्या की अख्ख्या वर्गाला पुरतात. टोकं मात्र घासून घ्या, बोटात शिरतात. चिंचोके मुलंच आणतात. पैसे घालायचेच असतील तर चांगल्या रबरांवर घाला. स्वस्तातली आठवड्यात तुटतात आणि गठ्ठा सुटला की तास सुटतो.

एक गोष्ट मात्र विकत मिळाली नाही, हातानेच करावी लागली. जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापून मी एकावर एक ठेवता येतील अशी संख्याकार्डं केली. लांब पट्टीवर ३००, तिच्याहून आखूड पट्टीवर ४०, सगळ्यांत छोटीवर ५. उजव्या कडा जुळवून ठेवल्या की ३४५ दिसतात आणि छोटी उचलली की खालचं शून्य दिसतं. तीनशे पाच सांगितलं की तिसरीतली बरीच मुलं ३००५ लिहितात, कारण ऐकताना 'तीनशे' आणि 'पाच' असंच ऐकू येतं. ५ ची पट्टी ३०० च्या शेवटच्या शून्यावर ठेवायची. एका मुलाने ती ठेवली, उचलली, परत ठेवली, आणि म्हणाला, "शून्य खाली लपलंय." स्थानिक किमतीची याहून चांगली व्याख्या मला परीक्षेतही लिहिता आली नाही.

हे सगळं कोणत्या क्रमाने आणायचं याचं उत्तर ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आहे: आधी अनुभव, मग त्याबद्दल बोलणं, मग चित्र, आणि शेवटी चिन्ह. माझ्या शाळेत आम्ही थेट चौथ्या पायरीवर उभे राहायचो. काड्या आणल्या की काम झालं असं आम्हा छात्राध्यापकांनाही सुरुवातीला वाटायचं. प्रत्यक्षात दुसरी पायरी, मुलांनी बोलण्याची, तीच सगळे गाळतात.

मी गाळते आहे हे मला पाठ टाचणामुळे, म्हणजे तास घेण्याआधी लिहायच्या आराखड्यामुळे, कळलं. माझं पहिलं टाचण तीन वेळा परत आलं. उद्दिष्टं बरोबर होती, साहित्याची यादी होती, फलकलेखन सुवाच्य होतं. 'विद्यार्थी कृती' या रकान्यात मी प्रत्येक ठिकाणी 'विद्यार्थी उत्तर देतात' असं लिहिलं होतं. तिथे लाल शाईत एकच प्रश्न होता: कोणतं उत्तर? तिसऱ्या वेळी मी प्रत्येक प्रश्नाखाली मुलं देऊ शकतील अशी तीन उत्तरं लिहिली, त्यातली दोन चुकीची, आणि ती चूक कुठून आली असेल ते. त्या एका टाचणाला अख्खा रविवार गेला. पण टाचण लिहिण्यातली खरी मेहनत तीच आहे, बाकी रकाने कॉपी करूनही भरता येतात.

आंतरवासितेची परवानगी यायला ११ दिवस लागले. विद्यालयाचं पत्र, मग गटशिक्षण कार्यालय, मग शाळा. पत्राची पोच घेतली नाही म्हणून एकदा पुन्हा खेटा पडला. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. शाळा जिल्हा परिषदेची, दोन खोल्या, दुसरीच्या वर्गात २३ मुलं. गणित पेटी होती, पण कपाटात, कुलपात. मणी हरवले तर शाळेतल्या वस्तूंच्या जडसंग्रह नोंदवहीत काय लिहायचं, ही तिथल्या बाईंना खरोखरीची काळजी होती आणि ती मला समजू शकते. मी मोजून घेतलं आणि मोजून परत करेन असं कागदावर लिहून सही करून दिली. पेटी उघडली तेव्हा आतल्या मण्यांच्या माळेवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

पहिला पाठ फसला. काड्या वाटल्या आणि दोन मिनिटांत घरं झाली, तलवारी झाल्या, एकाने तारे केले. मी "ऐका, ऐका" करत राहिले आणि तास संपला. मुलांचं काही चुकलं नव्हतं. नवी वस्तू हातात आली की आधी तिच्याशी खेळायचंच असतं. दुसऱ्या दिवसापासून मी सुरुवातीची पाच मिनिटं मोकळी दिली, "हवं ते करा", आणि मग "आता दहांचे गठ्ठे बांधा" म्हटलं की हात आपोआप कामाला लागायचे.

पाचव्या दिवशीची गोष्ट. हातच्याची वजाबाकी, तेच ५२ वजा २७. एका मुलीने पाटीवर ३५ लिहिलं. ही चूक मी टाचणात आधीच लिहून ठेवली होती: दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले. मी तिच्या शेजारी खाली बसले आणि म्हटलं, "काड्यांनी करून दाखवशील मला?" तिने पाच गठ्ठे आणि दोन सुट्या मांडल्या. दोन गठ्ठे बाजूला सरकवले. मग सात हवेत. दोन सुट्या उचलल्या, गठ्ठ्यांकडे बघितलं आणि थांबली.

"आता?"

"ताई, पाच कमी पडतात."

"कुठे मिळतील?"

तिने एक गठ्ठा उचलला, रबराला नख लावलं आणि सोडून दिलं. पुन्हा लावलं. मग म्हणाली, "सोडला तर दहा राहणार नाहीत."

मी उत्तर देणार होते, ओठांवर आलं होतं. पण मॅडमनी सांगितलेलं आठवलं आणि मनात पाचपर्यंत मोजलं. तिने रबर काढलं. काड्या फरशीवर पसरल्या. तिने त्या एकेक करून मोजल्या, दहा भरल्या. मग पुन्हा मोजल्या. दुसऱ्यांदा दहा आल्यावर तिने माझ्याकडे बघितलं, त्यातल्या पाच उचलून आधीच्या दोनांत घातल्या आणि उरलेलं मोजायला लागली. दोन गठ्ठे, पाच सुट्या. पाटीवरचे ३५ तिने ओल्या बोटाने स्वतः पुसले.

बांधलेले दहा आणि सुटे दहा सारखेच असतात, हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. आणि ते ठाऊक नसेल तर हातच्याची रीत कितीही वेळा घोकून घेतली तरी ती दोन वेगळ्या जगांतली देवाणघेवाण वाटणार. तिला उभं करून "दोनातून सात जातात का?" असं चारदा विचारलं असतं तर ती रडली असती आणि २५ लिहून गप्प बसली असती.

तो दिवस मनात राहिला म्हणून पुढे मी रोज तासाची पहिली दहा मिनिटं फक्त तोंडी गणिताला दिली. पाटी-पेन्सिल खाली, एकच उदाहरण, आणि प्रश्न एकच: तू कसं केलंस? ३८ अधिक २७ ला एक मुलगा म्हणाला, "सत्तावीसमधले दोन अडतीसला दिले, चाळीस झाले. मग पंचवीस. पासष्ट." एकीने तीस-वीस पन्नास, आठ-सात पंधरा असं केलं. एकाने ५१५ सांगितलं. मी तिघांचंही फळ्यावर लिहिलं. ५१५ वाल्याला मी काही म्हणायच्या आत दुसरी मुलगी म्हणाली, "पण ते तर शंभराच्या वर गेलं, आपले दोन्ही तर छोटे आहेत." तो जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पंधरातला गठ्ठा पन्नासात जाईल."

पाठ निरीक्षणाला आलेल्या मॅडम मागे बसल्या होत्या. नंतर त्यांनी एवढंच सांगितलं, की तुम्ही बरोबर उत्तरालाच 'शाब्बास' म्हणता, त्यामुळे चौथ्या मिनिटानंतर फक्त खात्री असलेलीच मुलं हात वर करतात. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. त्यानंतर मी 'शाब्बास' ऐवजी "अजून कुणी वेगळं केलं?" म्हणायला लागले. तोंडाला वळण पडायला दोन आठवडे गेले.

वर्गशिक्षिका बाईंचं आणि माझं सगळंच पटलं असं नाही. त्यांना दर महिन्याच्या चाचण्या, अहवाल, निपुण भारतची उद्दिष्टं सांभाळायची होती. ५ जुलै २०२१ ला ते अभियान सुरू झालं तेव्हापासून तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाचं संख्याज्ञान पक्कं करायची मुदत २०२६-२७ ही आहे, आणि ती मुदत शेवटी वर्गातल्या बाईंच्याच डोक्यावर येते. एका उदाहरणाला दहा मिनिटं, हे त्यांना परवडण्यासारखं वाटत नव्हतं. पाढ्यांवरून आमची बरीच चर्चा झाली. त्या रोज सकाळी पाढे म्हणून घ्यायच्या आणि मी आधी मनातून त्याच्या विरोधात होते. आता नाही. पाढे पाठ असलेल्या मुलाचं डोकं मोठ्या उदाहरणात मोकळं राहतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. फक्त 'सात आठे छप्पन्न' विसरलं तर मुलाकडे दुसरी वाट हवी. चौकटीच्या कागदावर सात ओळी आणि आठ रकाने आखायचे, पाचव्या रकान्यानंतर घडी घालायची: सात पाचा पस्तीस, सात त्रिक एकवीस, मिळून छप्पन्न. बाईंनी सकाळचे पाढे ठेवले आणि शनिवारी घडीचे कागद घ्यायला लागल्या. त्यांनी ते माझ्याकडून घेतलं, आणि मी त्यांच्याकडून मुलांची नावं घेऊन प्रश्न विचारायला शिकले.

दुसऱ्या वर्षी चौथीचा वर्ग मिळाला. तिथे मला 'बरोबर' (=) या चिन्हाने चकवलं. ८ + ४ = □ + ५, चौकटीत काय? जवळपास सगळ्यांनी १२ लिहिलं, काहींनी १७. मुलं = ला 'आता उत्तर लिहा' असा हुकूम समजतात, कारण तीन वर्षं त्यांनी ते तसंच बघितलंय. तराजूत आठ आणि चार मणी एका पारड्यात, पाच दुसऱ्यात, आणि पारडी समान करा, असं केल्यावर सात यायला वेळ लागला नाही. त्यानंतर मी फळ्यावर मुद्दाम १२ = ८ + ४ असंही लिहायला लागले. त्याला खर्च शून्य आहे आणि पहिलीपासून करता येतं.

अपूर्णांक मला अजून नीट जमलेले नाहीत. कागदी पट्ट्यांच्या घड्या घालून १/४ पेक्षा १/८ लहान हे सगळ्यांना दिसलं, पण आठवड्याने नुसत्या आकड्यांत विचारलं तर अर्ध्याहून जास्त मुलांनी आठ मोठा म्हणून १/८ मोठा सांगितला. चित्रावरून चिन्हावर मी त्यांना फार लवकर नेलं असं मला वाटतं. पुढच्या वेळी घडी घालताना "एवढ्या जणांत वाटलं तर प्रत्येकाला किती" हे तोंडी बोलण्यावरच आठवडाभर थांबणार आहे.

लेखी परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते. तिथे व्याख्या, तत्त्वं, पायऱ्या असं सगळं लिहावं लागतं, त्यामुळे आंतरवासितेतले अनुभव रोजच्या रोज दोन-दोन ओळींत तारखेसकट टिपून ठेवा. मी ठेवले होते म्हणून प्रत्येक उत्तरात एक खरं उदाहरण लिहिता आलं. निकालाला, मग मूळ गुणपत्रकाला वेळ लागला. दोन्ही वेळा मोबाइलवर बघितलेलं चालत नाही, पुढच्या अर्जांना कागद लागतो. २३ नोव्हेंबर २०२५ ला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दिली. पेपर एक, १५० प्रश्न, १५० मिनिटं, त्यात गणिताचे ३०. पात्र व्हायला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. त्या तीस प्रश्नांची तयारी वेगळी करावी लागते, वर्गातल्या अनुभवावर ती निघत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

निकाल येईपर्यंत शेजारच्या दोन मुलांना संध्याकाळी माझ्याकडे बसवते. मोठा तिसरीत आहे. काल एकोण-वाले शब्द एका ओळीत लिहीत होता: एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत. मग पेन्सिल थांबवून म्हणाला, "ताई, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"

मला उत्तर माहीत नव्हतं आणि मी त्याला तसं सांगितलं. त्याने तो प्रश्न वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. मीही माझ्या वहीत लिहिला आहे.